मागच्याचा विचार

दिवाळीचा पाडवा हा खरेदीचा मुहूर्त खरा. पण सायकल घेण्यासाठी याहून फसवा मुहूर्त पंचांगात दुसरा नसेल. पाऊस नुकताच सरलेला असतो, रस्ते कोरडे असतात, हवेत थोडा गारवा असतो, आणि गळ्यात झेंडूची माळ घालून दुकानाच्या दारात उभी असलेली सायकल अशी काही चकाकत असते की, पुढल्या जूनमध्ये तिचे आणि आपले काय होणार हा विचार मनाला शिवतच नाही. गिऱ्हाईक रंग पाहते, गिअर मोजते, घंटी वाजवून पाहते. मडगार्ड पाहणारे गिऱ्हाईक माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि पाहायचे तरी काय? हल्लीच्या गिअरवाल्या सायकलींपैकी पुष्कळशा मडगार्डावाचूनच विकल्या जातात. आमच्या लहानपणी मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे एक तर तासावर भाड्याने मिळणारी, नाही तर घरातल्या थोरल्या चिरंजीवांनी शर्यतीच्या वेडापायी सोलून ठेवलेली. आता ती सोललेली अवस्थाच मूळची मानली जाते. याला कारण आहे. या सायकलींचे घराणे शहरातले नव्हेच. त्यांची एक शाखा शर्यतीच्या रस्त्यावरून आली. तिथे तोळाभर वजनही जड. दुसरी शाखा 1970 च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्याच्या डोंगरउतारांवर जन्मली. तिथल्या हौशी तरुणांनी जुन्या जाडजूड सायकलींवरून मडगार्डासकट सगळा संसार उतरवला आणि त्या उतारावर सोडल्या. डोंगरात ते ठीकच होते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काटक्याकुटक्या अडकण्यापेक्षा अंगावर चिखल आलेला परवडला. शिवाय डोंगरावरून चिखलाने माखून येणे हा त्या छंदाचाच एक भाग. आमच्या कन्येला मात्र सकाळी सातच्या क्लासला जायचे असते.

गेल्या पाडव्याला तिला अशीच एक सायकल घेतली. अर्धे पैसे तिने भाऊबीज आणि वाढदिवस यांतून साठवलेले, अर्धे माझे. तेव्हा सायकलीच्या मागल्या अर्ध्या भागावर तेवढा माझा हक्क आहे, असे ती मला अधूनमधून ऐकवते. जून कोरडाच गेला. जुलैत एके दिवशी ती पुढे आणि माझ्या वडिलांच्या काळ्या, भरभक्कम सायकलीवर मी मागे, अशी आमची स्वारी कर्वे रस्त्याने निघाली. पाच मिनिटांत माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचा सारवून निघाल्या. अंतर वाढवावे तर मागून मोटारींची घाई, बाजूला सरावे तर रिक्षा. त्या दिवशी कॉलेजात मी नेहमीपेक्षा फळ्यावर पुष्कळ लिहिले, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेल. वर्गाकडे तोंड करण्याजोगा माझा सदरा नव्हता. कन्येची स्थिती याच्या नेमकी उलट. पुढून स्वच्छ, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत आखून काढल्यासारखी एक तपकिरी रेघ.

संध्याकाळी मी मडगार्डाचा विषय काढला.

“नको बाबा,” ती म्हणाली, “मडगार्ड लावलं की सायकल म्हातारी दिसते.”

“म्हातारी म्हणजे कशी?”

“तुमच्या सायकलीसारखी.”

“म्हातारी दिसू दे नाही तर तरणी,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “तो पांढरा कुडता उद्यापासून तू स्वतः घासायचास.”

पण कन्येचा खरा आक्षेप रूपाचा नव्हता. तो थोड्या वेळाने बाहेर पडला. तिच्या मैत्रिणीने चिमट्याने अडकवायचे एक स्वस्त मडगार्ड आणले होते. ते एका खड्ड्यात हिसका बसून फिरले, चाकात गेले, आणि मैत्रीण भर रस्त्यात पडली. महिनाभर मनगट प्लास्टरमध्ये होते. “त्यापेक्षा चिखल बरा,” कन्या म्हणाली. यावर माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. वाईट मडगार्डापेक्षा मडगार्ड नसलेले बरे, हे तिचे म्हणणे खरेच होते. आता चांगले मडगार्ड कोणते, हे मला दाखवून द्यायचे होते.

मी मराठीचा मास्तर. मडगार्ड या शब्दाकडे पाहिले की मला प्रथम समास दिसतो. चिखलापासून रक्षण करणारे ते मडगार्ड, म्हणजे हा पंचमी तत्पुरुष. परंतु काळ्या मातीच्या मुलखात ज्यांनी पावसाळ्यात सायकल चालवली आहे, त्यांना दुसरा विग्रहही ठाऊक असेल. ती चिकण माती चाकाबरोबर वर चढते, मडगार्डाच्या पोटात थरावर थर बसते, आणि अखेर चाक फिरेनासे होते. तिथे मडगार्ड चिखलापासून रक्षण करीत नाही; ते चिखलाचेच रक्षण करते! षष्ठी तत्पुरुष. पंचमीची षष्ठी होऊ नये, एवढ्यासाठी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये जागा लागते. डांबरी रस्त्यावर बोटाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे 10 ते 15 मिलिमीटर पुरे. कच्च्या रस्त्यावर त्याहून बरीच अधिक हवी.

व्याकरण इथवर पोचले. पुढचे आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये चहाच्या बशीवर बोट फिरवून समजावले. टायरला चिकटलेले पाणी सुटते ते स्पर्शरेषेच्या दिशेने. मागल्या चाकाच्या मागल्या कडेवरून सुटलेले पाणी वर उडते. ते आपल्या पाठीवर येते. त्याच्याही खालून सुटलेले पाणी मागे आणि वर जाते. ते मागून येणाऱ्याच्या तोंडावर. पुढल्या चाकाच्या माथ्यावरचे पाणी सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे फेकले जाते आणि आपण मागाहून त्यातच शिरतो. पुढल्याच चाकाच्या मागल्या बाजूचे पाणी आपल्या पावलांवर आणि चेनवर आदळते, आणि तेलाबरोबर चेनचे आयुष्यही धुऊन नेते.

एवढे कळले की मडगार्ड कसे असावे, हे सांगायला दुकानदार लागत नाही. पुढल्या मडगार्डाचे पुढचे टोक थोडके असले तरी चालेल, पण मागचे टोक पावलांच्या खालपर्यंत उतरले पाहिजे. मागल्या मडगार्डाचे तर दोन्ही अंगांनी. नुसते सीटखाली शेपटीसारखे उभारलेले असते, ते आपली पाठ वाचवते आणि बाकीचा सगळा प्रसाद मागच्याला वाटते. टोकाला रबराची झडप असावी; ती जमिनीपासून चार बोटे वर राहावी. फार खाली आली तर गतिरोधक तिला ठेवणार नाही.

मग माप. मडगार्ड टायरहून निदान 10 मिलिमीटर रुंद हवे. 35 मिलिमीटरच्या टायरला 45 चे. चाकाचे माप विचारताना मात्र सावध असावे. 28 इंची म्हणून दोन निरनिराळी चाके विकली जातात. वडिलांच्या सायकलीच्या जुन्या 28 इंची चाकात टायर बसते त्या जागी रिमचा व्यास 635 मिलिमीटर. नव्या सायकलींच्या ‘सातशे सी’ नावाच्या चाकात तो 622 मिलिमीटर. ज्याला 29 इंची म्हणतात त्याचाही 622 च. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत हा आकडा छापलेला असतो. तो लिहून घेऊन दुकानात जावे.

धातू की प्लॅस्टिक, हा वाद आमच्या घरी दोन दिवस चालला. पोलादी मडगार्ड मजबूत. पण जड, आणि आतल्या बाजूने गंजते. अ‍ॅल्युमिनियमचे हलके, गंजत नाही. मात्र खडे उडाले की पत्र्यावर ताशा वाजतो, आणि पोचा पडला की पडला. प्लॅस्टिकचे स्वस्त, हलके, आवाज न करणारे. पण वर्षानुवर्षे उन्हात राहिले तर ठिसूळ होते. स्टेनलेस स्टील सर्वांत टिकाऊ, आणि किमतीलाही तसेच. कोणतेही घ्या, कडा आतल्या बाजूला किंचित वळलेल्या असाव्यात. मग आतले पाणी कडेने ओघळत खाली जाते, बाजूने टपकत नाही.

राहिला कन्येचा मुख्य प्रश्न : ते चाकात गेले तर? चाकाबरोबर वर आलेली एखादी काटकी पुढल्या मडगार्डात अडकली, तर काड्या वाकतात, मडगार्ड गोळा होऊन चिमट्याशी अडते आणि चाक एकदम थांबते. स्वार पुढे फेकला जातो. म्हणून चांगल्या मडगार्डाच्या पुढल्या काड्यांना अशी खोबण असते की, जोराचा हिसका बसताच काडी आपण होऊन सुटावी. दुकानात मी ही खोबण मागितली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे नव्या आदराने पाहिले. दुसरे असे की चिमट्यावर भरवसा ठेवू नये. सायकलीच्या सांगाड्याला आणि पुढल्या चिमट्याला मडगार्डासाठी आटे पाडलेली भोके असतात, तिथे ते स्क्रूने बसवावे, प्रत्येक बाजूस दोन काड्या असाव्यात. नवी सायकल घेताना ही भोके आहेत की नाहीत हे आधी पाहावे. ती नसली तर पुढची सगळी विद्वत्ता व्यर्थ. पुढच्या मडगार्डाला पेडलवरचा पाय वळणावर लागत नाही ना, हेही सायकल उभी असतानाच पाहून घ्यावे.

“आणि दिसायला?” कन्या म्हणाली.

इथे मात्र मी तिला वडिलांच्या सायकलीपाशी नेऊन उभे केले. म्हटले, हिच्या मडगार्डाची रेघ पाहा. टायरच्या गोलाईशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत समांतर आहे. कुठे दूर गेलेली नाही, कुठे टेकलेली नाही. जे मडगार्ड वाईट दिसते, ते बहुधा वाकडे बसवलेले असते. आणि जे वाकडे बसवलेले, तेच वाजते, घासते आणि तडकते. जोर लावून ओढूनताणून स्क्रू आवळला की पत्र्याला तिथे कायमचा ताण राहतो आणि एखाद्या वर्षात नेमकी तिथेच चीर पडते. जागेवर सहज बसेल असे आधी करून घ्यावे, मध्ये रबराचा किंवा चामड्याचा वायसर घालावा, मग आवळावे. चांगले दिसणे आणि चांगले चालणे ही इथे दोन कामे नाहीतच. फ्रान्समध्ये 1934 पासून हलक्या प्रवासी सायकलींच्या कसोट्या होत. डोंगरी, खडकाळ रस्त्यांवरून सायकली नेत आणि काय सैल झाले, काय तुटले ते तपासत. त्या पिढीच्या कारागिरांनी मडगार्डाला मागाहून जोडायची वस्तू मानले नाही. सांगाडा आखतानाच त्याची जागा ठरवली. त्यांच्या सायकली आजही लोक देखण्या म्हणून जपतात.

कन्या बराच वेळ त्या जुन्या सायकलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मागचं मडगार्ड खाली पांढरं का रंगवलंय?” मी सांगितले, “अंधारात मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून. आजोबांनी दर दसऱ्याला स्वतः रंगवलं.” ती काही बोलली नाही. रविवारी मात्र काळी, प्लॅस्टिकची, पूर्ण लांबीची जोडी आणून तिने स्वतः बसवली. पाना धरण्यापुरते मला बोलावले, कारण मागचा अर्धा भाग माझा होता! दोन तास लागले. रेघ समांतर येईपर्यंत तिने तीनदा काड्या सोडून पुन्हा बांधल्या. अखेरीस मागल्या झडपेच्या टोकाला, कोणी न सांगता, पांढऱ्या रंगाची पट्टी ओढली.

हे सारे पाहून आमच्या आत्याबाईंना आपली सायकल आठवली. त्या शिक्षिका होत्या आणि साडी नेसून सायकलीने शाळेत जात. त्यांच्या मागल्या मडगार्डाला दोन्ही कडांनी बारीक भोके होती आणि त्यांतून चाकाच्या आसापर्यंत दोऱ्यांची जाळी विणलेली होती. पदर चाकात जाऊ नये म्हणून. आज पदराच्या जागी ओढणी आली. जाळी मात्र गेली. ओढणी चाकात गुंतून होणारे अपघात काही गेलेले नाहीत. मुलींच्या सायकलीला अशी जाळी किंवा बाजूचे झाकण मागून घ्यावे, नाही तर ओढणी घट्ट बांधून मगच पेडलवर पाय ठेवावा. आत्याबाईंनी हे सांगितल्यावर कन्येने ओढणीला तिथल्या तिथे गाठ मारली. मी हेच सांगितले असते तर व्याख्यान झाले असते.

तेव्हा या पाडव्याला ज्यांच्या घरी सायकल येणार असेल, त्यांनी घंटीबरोबर मडगार्डही पाहून घ्यावे. रुंदी, लांबी, जागा, काड्या आणि ती सुटणारी खोबण; पाच मिनिटांचे काम आहे. पुढले मडगार्ड आणि मागल्या मडगार्डाचा वरचा भाग आपल्यासाठी असतो. मागल्याचे खालचे वीतभर टोक मात्र सर्वस्वी दुसऱ्यासाठी. त्या टोकाबद्दल आपले आभार कोणी मानणार नाही. मागून येणारा कोरड्या सदऱ्याने कामावर पोचेल, आणि आपण कोरडे का राहिलो याचा विचारही त्याच्या मनात येणार नाही. न येवो. आपणही रोज कोणाच्या ना कोणाच्या मागून जातच असतो.