शाळा शिवेपलीकडे, मुलगी घरात

“आठवीपर्यंत शिकली, पुरे झालं.” मोहल्ल्यात हे ऐकलं की आपण लगेच पालकांच्या मागासपणावर बोलतो. मीही बोललो आहे. पण हायस्कूल किती लांब आहे, हे आधी विचारायला हवं. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि अंतराची खरी अडचण नववीत सुरू होते.

मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमधून मुली मोफत शाळेत जातात. योजना मात्र 125 तालुक्यांची. शेजारच्या तालुक्यातलं घर तेवढंच गरीब असलं तरी ते यादीबाहेर. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलीचं तर आणखी कठीण. आपल्या तालुक्यात उर्दू हायस्कूल नाही, शिवेपलीकडे चार किलोमीटरवर आहे, पण तिकडे बस नाही. मग ती घरी बसते. तिच्या आईबापांना दोष देणं मला जमत नाही.

बसची फेरी आखताना तालुका, जिल्हा पाहू नका, गावापासूनचं अंतर मोजा. पालकांनी निवडलेली जवळची शाळा पलीकडच्या जिल्ह्यात असली तरी ती फेरीत घ्या. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे, आणि त्यावर आयांच्याही सह्या हव्यात.