आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे

‘काहीतरी केलेच असेल, त्याशिवाय का पोलीस धरून नेतात?’ कुवेतमधील आपल्या घरांत, बुद्धवंदना आटोपून चहाचे कप हाती आले की हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आपला एखादा कामगार येथे पकडला गेला, तर आपण त्याची विचारपूस करीत नाही. समाजाचे नाव खराब झाले म्हणून हळहळतो. ज्यांच्या भिंतीवर संविधान हाती घेतलेले बाबासाहेब आहेत, त्यांना हे शोभत नाही.

अटक झालेल्या माणसाचे हक्क घटनेच्या मूळ मसुद्यात नव्हते. कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीने कोणाचेही स्वातंत्र्य काढून घेता येईल, एवढ्यावर मसुदा थांबला होता. त्याविषयीचा असंतोष बाबासाहेबांनाही मान्य होता. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेपुढे कलम १५-अ मांडले. तेच आजचे कलम २२: अटकेचे कारण सांगा, पसंतीचा वकील घेऊ द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. (त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, हेही लपवू नये.)

मग खैरलांजीच्या आरोपींनाही हेच हक्क द्यायचे काय, असे एका बंधूंनी मला रागाने विचारले. होय, द्यायचे. तेथील दोषींना शिक्षा झाली ती खटला चालवूनच. आणि हे हक्क मोडले की प्रथम बळी कोणाचा जातो, ते परभणीने दाखविले. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे आलेला ‘शॉक’ असे कारण होते. गुन्हा नोंदविण्याचा आदेश मिळविण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. तो मिळाला ४ जुलै २०२५ रोजी. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला हरले.

येथे माझ्या व्यवसायाचीही झाडाझडती घेतली पाहिजे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. शिकाऊ डॉक्टर असताना मी स्वतः एका आरोपीच्या कागदावर ‘बाह्य जखमा नाहीत’ असे लिहिले आहे. हवालदार घाईत होता. मी त्या माणसाचा सदरासुद्धा काढायला लावला नव्हता. पुढे त्याचे काय झाले, मी विचारले नाही.

कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेचे कलम ३४ वाचा. कायदेशीर खटल्यात दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, त्याला शारीरिक वा मानसिक इजा करू नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या दूतावासाला कळवा, अशी मागणी अटक झालेल्या परदेशी माणसाला व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार करता येते. हे आपल्यापैकी कितीजणांनी मुलांना सांगितले आहे? अरबी न समजणारा माणूस समोर आलेल्या अरबी जबाबावर मुकाट्याने सही करतो, कारण दुभाषा मागता येतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

यंदा जयंतीच्या मंडपावरचा थोडा खर्च कमी करावा आणि अरबी जाणणाऱ्या एका वकिलाची फी संस्थेने बाजूला काढून ठेवावी. पहिली वर्गणी मी देतो. ज्यांना ही सूचना मान्य नसेल, त्यांनी वार्षिक सभेत उठून तसे सांगावे.