दुधाचा डबा आणि वऱ्हाडातील बाळंतीण

तान्ह्या बालकांसाठी विकल्या जाणाऱ्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करणे हा आपल्या देशात १ ऑगस्ट १९९३ पासून गुन्हा आहे. वृत्तपत्रांत, रेडिओवर वा दूरचित्रवाणीवर ती जाहिरात आज दिसत नाही. त्यामुळे हा प्रश्न निकालात निघाला, अशी समजूत पुरोगामी वर्तुळातही रूढ झालेली आढळते. अमरावतीच्या वा अकोल्याच्या बाजारातील औषधांच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले तर ही समजूत टिकत नाही. फळीवर डब्यांची रांग असते आणि बाळंतिणीचे नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन तो डबा मागतात. ज्या मालाची जाहिरात करण्यास बंदी आहे तो माल खपतो, याचा अर्थ जाहिरातीची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. ती कशाने घेतली आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार समाजवादी चळवळीने करणे अगत्याचे आहे.

प्रथम या मालाचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. साबण वा चहा यांचा नमुना फुकट दिला आणि ग्राहकाला तो आवडला नाही, तर ग्राहक आपल्या जुन्या सवयीकडे परत जाऊ शकतो. दुधाच्या डब्याचे तसे नाही. मातेच्या अंगावरचे दूध हे बालकाच्या चोखण्यावर अवलंबून असते. बालक जितके चोखील तितके दूध तयार होते. पहिल्या आठवड्यात वरच्या दुधाने पोट भरलेले बालक कमी चोखते, म्हणून दूध कमी येते, म्हणून आणखी वरचे दूध द्यावे लागते. अशा रीतीने फुकटचा पहिला डबा संपेपर्यंत मातेचे दूध आटू लागलेले असते आणि पुढचे डबे विकत घेण्यावाचून गत्यंतर राहात नाही. प्रतिस्पर्ध्याचा मालच नाहीसा करून आपली मागणी निर्माण करणारा असा दुसरा माल बाजारात क्वचितच सापडेल. मक्तेदारीची चर्चा आपण पोलाद, तेल आणि औषधे यांच्या संदर्भात करतो. तिचा सर्वांत निर्दय अवतार बाळंतिणीच्या खाटेशी उभा आहे.

ही गोष्ट जगाला फार पूर्वी कळलेली होती. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात केलेल्या भाषणात, भुकटीच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना खुनाची उपमा दिली होती. १९७४ साली ‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेने या व्यापारावर पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या जर्मन आवृत्तीवरून नेस्ले कंपनीने स्वित्झर्लंडमधील एका गटाविरुद्ध अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९७६ च्या निकालात गटाला किरकोळ दंड झाला खरा, पण आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करण्याची समज न्यायाधीशांनी कंपनीलाच दिली. १९७७ साली अमेरिकेत या कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एकच. ते एकमेव मत रेगन यांच्या अमेरिकेचे होते.

भारतात या चळवळीचा एक महत्त्वाचा दुवा वऱ्हाडाच्या शेजारीच आहे. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ या संस्थेची स्थापना झाली, आणि वर्षभरातच, डिसेंबर १९९२ मध्ये, बालकांच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या व बालआहार यांचे नियमन करणारा कायदा झाला. २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. जाहिरात, फुकट नमुने, मातांना भेटी, विक्रीच्या प्रमाणात कर्मचाऱ्यांना कमिशन, डॉक्टरांना भेटवस्तू, त्यांच्या परिषदांना देणग्या, डब्यावर बालकाचे वा मातेचे चित्र, या सर्वांवर त्याने बंदी घातली. जगातील कडक कायद्यांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द ज्या देशात गुटगुटीत बाळाच्या कौतुकासाठी वापरला जाई, त्या देशात असा कायदा होणे ही लहान गोष्ट नव्हती.

मग उणीव कोठे राहिली? कायद्याने फलक उतरवले, परंतु बाळंतपणाच्या खोलीतील परिस्थिती कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. २०१५-१६ मध्ये देशातील ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयात होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ वर आले. म्हणजे दहा टक्के अधिक बालके शिक्षित डॉक्टर-परिचारिकांच्या डोळ्यांदेखत जन्मली आणि चिकाच्या दुधाला मात्र पूर्वीइतकीच मुकली. खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. टाके पडलेली, गुंगीतून उठणारी माता आणि शेजारी रडणारे बालक, हीच ती घटका होय की जेव्हा “दूध पुरत नाही, तोवर वरचे द्या” हे वाक्य उच्चारले जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत बालकाला काही चमचेच दूध लागते आणि तेवढा चीक बहुतेक मातांना येतो, हे तिला कोणी समजावून सांगत नाही. त्याला वेळ लागतो. चिठ्ठी लिहायला लागत नाही.

डॉक्टरने चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहिणे हा गुन्हा नाही. त्यासाठी कंपनीने लाभ देणे हा आहे. तो लाभ सिद्ध करणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको. शिवाय ज्या मातेचे नुकसान झाले ती या कायद्याखाली थेट न्यायालयात जाऊ शकत नाही. अन्न निरीक्षक, शासनाने अधिकार दिलेला वर्ग एकचा अधिकारी, किंवा केंद्र शासनाने मान्यता दिलेली स्वयंसेवी संस्था यांनी तक्रार केली तरच खटला उभा राहतो. तेल्हाऱ्याच्या शेतमजूर स्त्रीला यांपैकी कोण भेटणार? दरम्यान जाहिरातीने मार्ग बदलला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचा आहार कायद्याखाली येतो, म्हणून दोन वर्षांवरील मुलांच्या ‘वाढीच्या दुधाचा’ गाजावाजा होतो आणि नाव तेच ठेवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या एका अहवालाने दाखवून दिले की या कंपन्या समाजमाध्यमांवर दिवसाला सुमारे ९० वेळा मजकूर टाकतात आणि तो २२ कोटी ९० लाख लोकांपर्यंत पोहोचतो. गर्भारपणाची शंका शेजारणीला येण्याआधी ती मोबाइलला आलेली असते.

वऱ्हाडात या व्यापाराचे परिणाम अधिक घातक ठरतात, आणि त्याचे कारण येथील पाणी आहे. भुकटी ही पाण्यात कालवावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतील विहिरींचे पाणी खारट आहे. डब्यावर सूचना असते की पाणी उकळून घ्यावे. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण वाढतेच. तान्ह्या बालकाचे मूत्रपिंड अपरिपक्व असते, जादा मीठ बाहेर टाकण्याची त्याची शक्ती मर्यादित असते. नळाच्या योजना आल्या, तरी ज्या दिवशी नळाला पाणी नसते त्या दिवशी बाळाची बाटली कोणत्या पाण्याने भरायची, याचे उत्तर डब्यावर छापलेले नसते. याउलट, अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तरी पहिले सहा महिने केवळ अंगावर पिणाऱ्या बालकाला पाण्याच्या थेंबाचीही गरज नसते. खारपाणपट्ट्यात हे दूध म्हणजे बालकाच्या वाट्याचे एकमेव खात्रीचे गोड पाणी आहे.

दुसरे कारण मजुरी. तीन-चार महिन्यांच्या बालकाला सूचनेप्रमाणे पूर्ण मात्रा दिली तर चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांपलीकडे पुरत नाही. महिन्याला सात-आठ डबे लागतात. एका डब्याची किंमत निंदणाला वा वेचणीला जाणाऱ्या स्त्रीच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक असते. मग डबा पुरवून वापरला जातो. दोन चमच्यांऐवजी एक चमचा भुकटी पडते. बालकाचे पोट भरल्यासारखे दिसते आणि वजन घटत जाते. हा अज्ञानाचा प्रश्न नसून अंकगणिताचा आहे.

येथे एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. चीक पिळून टाकणे, पहिल्या दिवशी मध वा घुटी चाटवणे, या आपल्या जुन्या रूढी आहेत. त्या कोणत्याही कंपनीने शिकवलेल्या नाहीत. तसेच माता दगावली, गंभीर आजारी पडली, तर भुकटी बालकाचा जीव वाचवते हेही खरे. हा प्रश्न केवळ परकी भांडवलाचाही नाही. म्हशीच्या दुधापासून बालआहाराची भुकटी करून दाखवण्याचे काम १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी संघाने म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने केले आणि देशाने त्याचा अभिमान बाळगला. डबा स्वदेशी झाला म्हणून खारे पाणी गोड होत नाही. मात्र बहुराष्ट्रीय कंपन्यांची दृष्टी काय असते, याचाही पुरावा ताजा आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाढपामागे सरासरी २.७ ग्रॅम जादा साखर होती, तर स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच बालआहारात ती नव्हती. त्या वर्षी पुढे कंपनीने साखरविरहित प्रकार बाजारात आणण्याचे जाहीर केले. म्हणजे ते आधीही शक्य होते.

काही सुशिक्षित भगिनी असा आक्षेप घेतात की, अंगावर पाजण्याचा आग्रह हा स्त्रीला घरात डांबण्याचा नवा मार्ग आहे. या आक्षेपाची थट्टा करू नये. परंतु वेचणीला जाणाऱ्या बाईला घर आणि काम यांत निवड करण्याचे स्वातंत्र्यच नसते. ती कामावर जाते कारण त्याशिवाय चूल पेटत नाही. तिचे स्वातंत्र्य डब्यात नाही. ते भरपगारी विश्रांतीत आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूति-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असून तिचा भार शासनाने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोटली. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. शेतमजूर स्त्री या तरतुदीच्या बाहेरच आहे. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहिला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यासाठी ५,००० वर आणला. २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात. हिशेब केला तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. तामिळनाडूत २०१८ पासून हेच साहाय्य, रोख व पोषणसंच मिळून, १८,००० रुपयांचे आहे. योगायोग असा की १९९२ च्या कायद्याने बेकायदा जाहिरातीसाठी ठरवलेला कमाल दंडही ५,००० रुपयेच आहे. मातेच्या सहा महिन्यांची आणि कंपनीच्या अपराधाची किंमत शासनाने एकच ठरवली आहे!

या विषमतेचे मूळ आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. डबा विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्न वाढते. त्या डब्यामुळे झालेल्या हगवणीवर सलाइन लावले की ते आणखी वाढते. मातेच्या दुधाला किंमत नाही, म्हणून त्याची नोंद नाही. नोंद नाही, म्हणून त्याच्या संरक्षणासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात सहा महिन्यांखालील केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांचे प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. या यशात घरोघर फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा मोठा वाटा आहे, आणि त्या स्वतः तुटपुंज्या मानधनावर राबतात, हे या हिशेबाचेच दुसरे टोक होय.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील कार्यक्रम स्पष्ट आहे. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत कायद्याखाली तक्रार घेणारा अधिकारी कोण, त्याचे नाव प्रत्येक प्रसूतिगृहात लावले जावे, अशी मागणी झाली पाहिजे. पीडित मातेला व ग्रामसभेला थेट तक्रारीचा अधिकार देणारी आणि दंड विक्रीच्या प्रमाणात आकारणारी दुरुस्ती हवी. अन्नसुरक्षा कायद्यातील हक्क प्रत्येक अपत्यासाठी, सहा महिन्यांच्या किमान वेतनाइतका मिळाला पाहिजे. जिनिंगच्या आवारात आणि वेचणीच्या हंगामात गावोगाव पाळणाघरे निघाली पाहिजेत. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर पाच लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याचे बंधन घातले होते. ते तत्त्व शेतीच्या कामावर का लागू होऊ नये?

१ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवसांत भाषणे होतात, फलक लागतात. त्याच दिवसांत वऱ्हाडातील शेतांत निंदण चालू असते आणि धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत एखादे लेकरू रडत असते. त्याची आई तासाची पात सोडून त्याला पाजायला गेली तर तिची मजुरी कापली जाते का, हा त्या सप्ताहाचा खरा प्रश्न आहे. तो विचारण्याचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे.