ऑगस्टमधला बर्फ : देहरादूनची शॉर्ट ट्रॅक स्पर्धा आणि मुंबईची उपनगरे

१/
२० ते २३ ऑगस्ट २०२५ या काळात देहरादून येथे एशियन ओपन शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग ट्रॉफी पार पडली. तेव्हापासून दोन विधाने वारंवार वाचनात येतात. एक : बर्फावरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भारतभूमीवर प्रथमच झाली. दुसरे : हे खेळ हिमालयाच्या कुशीतल्या राज्यांचे, घामाने निथळणाऱ्या मुंबईकराने त्यांत पडू नये. पहिले विधान अर्धवट आहे. दुसरे निखालस चुकीचे आहे, आणि त्याची किंमत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची मुले मोजतात. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी पहिल्या विधानाचा निकाल लावू. आशियाई खुल्या मालिकेतली ही भारतातली पहिली स्पर्धा, इतके म्हणणे रास्त आहे. पण ती ज्या रिंकवर झाली ती ‘हिमाद्री’ रिंक बांधली गेली २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी. जानेवारी २०११ मध्ये त्या स्पर्धा देहरादून आणि औली येथे झाल्या. बर्फावरच्या शर्यती याच छताखाली झाल्या आणि शेजारच्या देशांचे खेळाडूही आले होते. मग ही रिंक मधली बहुतेक वर्षे कुलूपबंद राहिली. वीजबिल आणि देखभाल झेपेना. ‘प्रथमच’ या शब्दाने ही सारी वर्षे झाकली जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘पहिला’ हा शब्द दिसला की आधी त्याच्या मागची रिकामी जागा पाहावी.

३/
आता दुसरे विधान. देहरादून समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. स्पर्धा झाली ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. आदल्याच दिवशी, १९ ऑगस्टला, आपल्याकडे मोनोरेल प्रवाशांसह अधांतरी अडकली होती आणि रुळांवर पाणी होते. देहरादूनकरही त्या दिवसांत छत्र्याच घेऊन फिरत होते. त्या चार दिवसांत ज्या बर्फावर पाती धावली, त्यातला एक कणही हिमालयाने पाडलेला नव्हता.

४/
तो बर्फ कसा तयार होतो? काँक्रीटच्या तळाखाली नळ्यांचे जाळे असते. त्यांतून गोठणबिंदूखाली थंड केलेले मीठपाणी किंवा ग्लायकॉलचे द्रावण सतत फिरते. वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवत नेतात आणि काही सेंटिमीटर जाडीची लादी तयार होते. वर्सोव्याच्या मच्छीमाराला यात नवल वाटणार नाही. बोट समुद्रात जाण्यापूर्वी तिच्या पोटात बर्फ भरला जातो तो कारखान्यातलाच. अंधेरीच्या पश्चिम टोकाला रोज बर्फ हाताळला जातो आणि तेथून दोन-तीन किलोमीटरवर राहणारा सुशिक्षित गृहस्थ ‘मुंबईत कसला आलाय बर्फ’ म्हणून हसतो.

५/
यंत्राने गोठवलेली रिंक ही काही कालपरवाची कल्पना नाही. जॉन गॅमजी याने १८७६ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात ‘ग्लेशियेरियम’ ही रिंक उभारली. तांब्याच्या नळ्या, ग्लिसरीन, ईथर, असा सारा खटाटोप होता. म्हणजे बर्फावरचा खेळ हवामानापासून सुटा झाला त्याला दीडशे वर्षे होत आली.

६/
शॉर्ट ट्रॅक हा तर या सुटकेनंतरच आकाराला आलेला खेळ. युरोपात स्पीड स्केटिंग म्हणजे उघड्यावरची ४०० मीटरची लंबवर्तुळाकार धाव : दोन मार्गिका, दोन स्पर्धक आणि घड्याळाशी झुंज. अमेरिका व कॅनडात मात्र घोळक्याने धावण्याची रीत होती. जो आधी पोहोचेल तो जिंकला. १९३२ च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये यजमानांनी आपली रीत लादली, तेव्हा फिनलंडचा विख्यात विजेता क्लास थुनबर्ग तिकडे फिरकलाच नाही, आणि चारही सुवर्णपदके अमेरिकेला गेली. हीच घोळक्याची शर्यत शहरांतल्या आइस हॉकीच्या बंदिस्त रिंकांत शिरली. तिचे आजचे नाव शॉर्ट ट्रॅक.

७/
म्हणूनच या खेळाचे माप हे शहरी इमारतीचे माप आहे. रिंक ६० बाय ३० मीटर, म्हणजे हॉकीचीच, मार्ग १११.१२ मीटरचा. वळणे इतकी तीव्र की स्केटर डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकवत वळतो. अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८१ पासून, १९८८ मध्ये कॅल्गरीत प्रात्यक्षिक, आणि १९९२ मध्ये आल्बेरव्हिल येथे ऑलिम्पिकमध्ये पूर्ण मान. या वंशावळीत गिरिशिखरे कुठेही नाहीत. छपरे आहेत.

८/
‘थंड देशांचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. १९९१ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सिडनीत झाली आणि ५००० मीटर रिलेत ऑस्ट्रेलिया जिंकला. १९९४ मध्ये लिलहॅमरला त्यांना याच रिलेत कांस्य मिळाले. त्या देशाचे हे पहिले हिवाळी ऑलिम्पिक पदक. दोन्ही संघांत स्टीव्हन ब्रॅडबरी होता. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतले त्याचे १००० मीटरचे सुवर्ण सर्वांना ठाऊक आहे : शेवटच्या वळणावर पुढचे सगळे एकमेकांवर कोसळले आणि मागून येणारा हा उभा राहिला. ती चित्रफीत आपण हसण्यासाठी पाहतो. त्याआधीची अकरा वर्षांची तयारी कोणी पाहत नाही. तो सराव करत असे ब्रिस्बेनमध्ये, जिथे बर्फ पाहायचा तर शीतकपाट उघडावे लागते.

९/
अजून उष्ण उदाहरण हवे? २०१७ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा क्वालालंपूरला झाल्या आणि त्यांत शॉर्ट ट्रॅक होता. क्वालालंपूर विषुववृत्तापासून तीन अंशांवर आहे. मुंबई एकोणीस अंशांवर. २०१९ मध्ये फिलिपाईन्सने त्याच स्पर्धांतल्या शॉर्ट ट्रॅकच्या शर्यती मेट्रो मनिलातील एका मॉलच्या रिंकवर घेतल्या. हो, मॉलच्या. आपल्याकडे उपनगरांत मॉलची टंचाई आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही.

१०/
(थोडे विषयांतर. रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र झँबोनी या नावाने ओळखले जाते. फ्रँक झँबोनी कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावचा. त्याच्या कुटुंबाचा बर्फाचा कारखाना होता; घरोघरी शीतकपाटे आली, गिऱ्हाईक घटले, तेव्हा त्यांनी १९४० मध्ये रिंक काढली, आणि १९४९ मध्ये हे यंत्र सिद्ध झाले. साऱ्या थंड देशांच्या रिंकांवर आज एका उष्ण गावचे यंत्र फिरते.)

११/
आता आपल्या शहराकडे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासप्रेमींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढे कोटात, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, घुमटाचे बर्फघर उभे राहिले. नैसर्गिक बर्फाचा हा व्यापार नंतर यंत्रांनी बुडवला. म्हणजे ज्या शहराने साता समुद्रांपलीकडचा बर्फ आणून विकला, आणि मग यंत्राचा बर्फ करून तो समुद्रावर धाडला, त्या शहराला ‘बर्फ तुमचा नाही’ असे सांगितले जात आहे. जुहूच्या चौपाटीवर गोळा खातखात सांगितले जात आहे, हे आणखी विशेष.

१२/
‘तो बर्फ खाण्यापिण्याचा, खेळाचा नव्हे’, हा आक्षेप येईलच. मग गोराईचे काय? बोरिवलीच्या खाडीपलीकडे १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीचे गाणे ज्यांच्या आईवडिलांना पाठ आहे, त्यांनी त्यांनाच विचारावे. तेथे बर्फाची रिंक होती. तराफ्यातून खाडी ओलांडायची, भाड्याचे जड बूट चढवायचे, कठड्याला धरून चालायला शिकायचे आणि ओल्या विजारीने घरी परतायचे. उपनगरातल्या एका पिढीची बर्फाशी ओळख अशी झाली. ती रिंक करमणुकीची होती, स्पर्धेची नव्हे, हे मान्य. पण खारफुटीच्या काठावर, समुद्राच्या दमट हवेत, बर्फ टिकत होता. उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. त्या रिंकवर एखादा शोधनिबंध मला अजून सापडलेला नाही. आपल्याकडे किल्ल्याच्या बुरुजावर दहा पुस्तके निघतात (निघावीतच), पण उपनगराच्या इतिहासाला कोणी इतिहास मानत नाही.

१३/
आणि चाके? संध्याकाळी उपनगरातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात पाहा : हेल्मेट, गुडघ्याला पॅड, एका रांगेतल्या चाकांचे बूट, आणि कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून उभी असलेली आई. या मुलांचा बर्फाशी संबंध नाही असे समजणे म्हणजे या खेळाचा अलीकडचा इतिहास न वाचणे. अपोलो ओनो चाकांवरून शॉर्ट ट्रॅकमध्ये आला. टेक्ससचा चॅड हेड्रिक चाकांवरचा जगज्जेता होता. २००६ मध्ये त्याने बर्फावर ५००० मीटरचे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. फ्लोरिडाची एरिन जॅक्सनही चाकांचीच. २०२२ मध्ये बीजिंगला ५०० मीटरचे सुवर्ण तिचे. टेक्सस आणि फ्लोरिडा. तापमान शोधून पाहा.

१४/
आपल्याकडे चाकांवरचे कसब कमी नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्य जिंकले. पुरुषांच्या चौकडीत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावे होती. त्याच चौकडीतला चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये चाकांवरच्या स्पीड स्केटिंगचा जगज्जेता झाला. पण ही शर्यत ऑलिम्पिकच्या मुख्य स्पर्धांत नाही. ऑलिम्पिक हवे असेल तर बर्फावर जावे लागते, आणि बर्फावर जायचे तर आपल्या मुलाला गुरुग्रामच्या मॉलची रिंक, देहरादून, हिवाळ्यात लेह किंवा परदेश गाठावा लागतो. तरीही पुण्याच्या श्रुती कोतवाल यांच्यासारखे खेळाडू घडले, आणि लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरांनी पदके मिळवली. आपण ती पदके ‘चमत्कार’ म्हणून मिरवतो. चमत्कार म्हटले की त्यामागची तिकिटे, राहण्याचा खर्च, बुडालेली शाळा यांचा हिशेब मागावा लागत नाही.

१५/
एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही : खर्च. रिंक वीज खाते. हिमाद्री बंद राहिली ती त्यामुळेच. सिंगापूरसारख्या श्रीमंत शहरातली ऑलिम्पिक मापाची रिंक २०२३ मध्ये, ती ज्या मॉलमध्ये होती त्याच्याबरोबर, बंद झाली. ज्या शहरात मुलांना साधे पटांगण मिळत नाही, तेथे आधी बर्फ का, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर वाद घालू, आकडे मांडू. कदाचित उत्तर ‘आत्ता नको’ असेही निघेल.

१६/
पण तो वाद अर्थसंकल्पाचा आहे. त्याला भूगोलाचा मुखवटा चढवण्याला माझा विरोध आहे. ‘निसर्गानेच दिले नाही’ म्हटले की कोणी उत्तरदायी उरत नाही : ना निर्णय न घेणारा, ना बांधलेली वास्तू कुलपात ठेवणारा. देहरादूनची रिंक ज्या वर्षांत बंद होती, त्या वर्षांत हिमालय तेथेच उभा होता. त्याने ती उघडली नाही. २०२५ मध्ये ती माणसांनी उघडली, आणि काही महिन्यांत तेथे आशियाई स्पर्धा झाली.

१७/
अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आणि मुलुंडच्या प्रियदर्शिनी संकुलात जलतरण तलाव आहेत. दोन्ही बृहन्मुंबई क्रीडा व ललित कला प्रतिष्ठानचे. ‘पोहणे हा नदीकाठच्या लोकांचा खेळ, मुलुंडला कशाला तलाव’ असे कोणी म्हटले नाही. तेथेही खड्डा माणसाने खणला, फरशी माणसाने लावली, पाणी नळाने आणले आणि यंत्राने गाळले. पाणी चार अंश गरम हवे की गोठलेले हवे, एवढ्या फरकाने खेळ कोणत्या प्रांताचा हे ठरत नाही.

१८/
आणि ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करत नाही. ही टिप्पणी बहुधा क्रिकेटच्या दोन डावांमधल्या विश्रांतीत लिहिली जाते.

१९/
पुढच्या थ्रेडसाठी सामग्री जमवतो आहे. गोराईच्या रिंकवरची जुनी छायाचित्रे, तिकिटांचे तुकडे, शाळेच्या सहलीची परिपत्रके, उपनगरांतल्या स्केटिंग स्पर्धांची प्रमाणपत्रे घरात कुठे पडून असतील तर वर्ष आणि ठिकाण नमूद करून येथेच खाली जोडा. छायाचित्रात लहान मुले असतील तर आधी त्यांची (आता ती मोठी झाली असतील) परवानगी घ्या. १९९० ते २००५ या काळातले काहीही चालेल. धूसर असले तरी.