'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील'

गोव्यातल्या, महाराष्ट्रातल्या किंवा सीमाभागातल्या कुठल्याही स्पर्धेचं पत्रक हातात घ्या. स्पर्धा भजनाची असो, नाट्यगीताची असो, एकांकिकांची असो नाहीतर चवथीतल्या घुमट आरतीची. प्रवेश शुल्क, वेळेची मर्यादा, साथीदारांची संख्या, आणि सगळ्यात शेवटी ते एक वाक्य: 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' काही ठिकाणी त्याला शेपूटही असतं, 'याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' माझं भांडण या वाक्याशी आहे. त्यातल्या 'अंतिम' या शब्दाशी नाही. कुठेतरी थांबावं लागतंच, नाहीतर बक्षीस समारंभ पहाटेपर्यंत चालायचा. भांडण आहे ते या वाक्याच्या आडोशाला जे झाकून ठेवलं जातं, त्याच्याशी.

हे भांडण मांडायला मी जरा लांबून, म्हणजे पोलंडमधल्या वॉर्सा शहरातून सुरुवात करणार आहे. पियानोशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. आपल्या घरात पेटी आणि ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरात पियानो नाहीतर व्हायोलिन, ही गोव्यातली जुनी वाटणी. पण स्पर्धा हा प्रकार दोन्ही घरांत सारखाच. आणि जगातल्या अत्यंत मानाच्या पियानो स्पर्धेचा इतिहास वाचला की वाटतं, अरे, ही भांडणं तर आपल्या देवळाच्या मंडपातलीच आहेत!

ही स्पर्धा शोपँ या पोलिश संगीतकाराच्या नावाने चालते. येझी झुरावलेव नावाच्या पियानोवादकाने ती काढली. पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पोरं खेळांच्या शर्यतींनी वेडावली होती. झुरावलेवच्या मनात आलं, शर्यतच हवी असेल तर शोपँच्या संगीताचीच लावू या. जानेवारी १९२७ मध्ये पहिली स्पर्धा झाली. आठ देशांतले २६ वादक आले आणि रशियाचा लेव ओबोरिन पहिला आला. त्याच स्पर्धेत दिमित्री शोस्ताकोविच नावाचा वीस वर्षांचा पोरगाही होता. त्याला मानपत्रावर बोळवण मिळाली. पुढे तो विसाव्या शतकातला एक थोर संगीतकार झाला, ही गोष्ट वेगळी. पण म्हणून १९२७ चे परीक्षक गाढव ठरत नाहीत, कारण ते पियानोवादन तपासत होते, भविष्य नव्हे.

१९३२ मध्ये तर कमाल झाली. अलेक्झांडर उनिन्स्की आणि हंगेरीचा अंध वादक इम्रे उंगार यांचे गुण सारखे झाले. मग निकाल कसा लावला? नाणं उडवून! उनिन्स्की पहिला, उंगार दुसरा. आपल्याकडे असं झालं असतं तर आयोजकांनी 'परीक्षकांनी सखोल चर्चेअंती' असं काहीतरी छापून मोकळं व्हायचं ठरवलं असतं. तिथे नाणं उडवलं ही गोष्ट इतिहासात राहिली, आणि नव्वद वर्षांनंतर मी ती इथे सांगू शकतो. मुद्दा हाच आहे.

महायुद्धामुळे १९४२ ची स्पर्धा झालीच नाही. १९४९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि १९५५ पासून दर पाच वर्षांनी भरू लागली. त्या १९५५ च्या स्पर्धेत पोलंडचा आडाम हराशेविच पहिला आणि रशियाचा व्लादिमीर अश्केनाझी दुसरा आला. परीक्षकांत इटलीचे मिकेलांजेली होते. अश्केनाझी पहिला यायला हवा होता असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी निकालपत्रावर सहीच केली नाही. १९८० मध्ये युगोस्लाव्हियाच्या इवो पोगोरेलिचला अंतिम फेरीत घेतलं नाही, तेव्हा मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून उठून गेल्या. तो पोरगा अलौकिक आहे, असं त्यांनी जाहीर सांगितलं. या बाई ऐऱ्यागैऱ्या नव्हेत, १९६५ ची हीच स्पर्धा जिंकलेल्या. त्या वर्षी पहिला आला व्हिएतनामचा दांग थाय सॉन, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. गंमत अशी की त्या भांडणाने पोगोरेलिचही प्रसिद्ध झाला आणि दांग थाय सॉनची कीर्तीही कमी झाली नाही. पुढे तो त्याच मंडळात परीक्षक म्हणून बसला.

१९९० आणि १९९५ मध्ये तर पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. लागोपाठ दोनदा! १९९५ मध्ये दुसरं बक्षीस विभागून मिळालेल्या अलेक्सेई सुलतानोव्हने निकालाचा उघड निषेध केला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाचा सेओंग-जिन चो पहिला आला. निकालानंतर आयोजकांनी सतराही परीक्षकांचे गुण नावानिशी प्रसिद्ध केले. तेव्हा दिसलं, की अंतिम फेरीत बाकी बहुतेकांनी त्याला भरभरून गुण दिले असताना फ्रान्सच्या फिलिप आंत्रेमाँ या बुजुर्ग वादकाने दहापैकी एक गुण दिला होता. एक! जगभर चर्चा झाली. कुणी आंत्रेमाँना विक्षिप्त म्हटलं, कुणी म्हणालं त्यांना त्याचं वाजवणं मनापासून आवडलं नसेल. चो मात्र जिंकलेलाच राहिला. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. जिथे स्पर्धक एखाद्या परीक्षकाचा शिष्य असेल, तिथे त्या परीक्षकाच्या रकान्यात गुणच नसतात, फक्त 'शिष्य' अशी खूण असते. म्हणजे गुरूने स्वतःच्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत. शिवाय सरासरीपासून फार लांब गेलेले गुण ठरलेल्या मर्यादेपर्यंत ओढून आणण्याचा नियमही अलीकडच्या स्पर्धांत आहे, आणि तो आधीच छापलेला असतो.

एवढी भांडणं होऊन स्पर्धा बंद पडली का? उलट. साथीमुळे २०२० ची स्पर्धा २०२१ मध्ये झाली आणि कॅनडाचा ब्रूस लिऊ जिंकला. २०२५ मध्ये अमेरिकेचा एरिक लू जिंकला. मान वाढतोच आहे. माझं म्हणणं असं, की हा मान भांडणं असूनही टिकला असं नसून, ती भांडणं उजेडात झाली म्हणून टिकला.

आता आपल्याकडे या. मी आजवर जेवढ्या गावच्या, तालुक्याच्या स्पर्धा ऐकल्या, त्यांत निकालानंतर गुणांचा कागद फलकावर लावलेला एकदाही पाहिला नाही. तालाला किती, सुराला किती, शब्दोच्चाराला किती, काही कळत नाही. शेवटी एक परीक्षक मोघम भाषण करतात. 'सगळ्यांनीच छान गायिलं, काहींनी रियाज वाढवायला हवा.' ते 'काही' कोण, हे गुलदस्त्यात.

माझी सासुरवाड बीदर जिल्ह्यातल्या संतपूरची, औराद तालुक्यातली. सरकारी कागद कन्नडमध्ये आणि भजन मराठीत, असा तिथला संसार. एका वर्षी आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांची स्पर्धा झाली आणि सासऱ्यांच्या मंडळाचा नंबर आला नाही. त्यांच्यातले म्हातारे पखवाजवाले मला म्हणाले, "पाव्हणं, नंबर गेला तर जाऊ द्या की. पर चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा म्हणावं." या माणसाने पन्नास वर्षं पखवाज वाजवला. त्याला ढाल नको होती, कारण हवं होतं. ते देणारं तिथे कुणी नव्हतं. परीक्षकांची गाडी केव्हाच गेली होती.

त्या भागातल्या माणसाला बाहेरून आलेला निर्णय सोसायची सवय आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे आलं आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेलं. पुढे १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो नाकारला, आजही नाकारतो. पण नाकारता येतो तो का? छापलेला आहे म्हणून! कुठलं गाव कुणाला आणि का, ते लिहिलेलं आहे, म्हणून त्यावर बोट ठेवता येतं. गोव्याचंच बघा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. या ब्लॉगच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. पण आकडे उघड होते, म्हणून हरलेल्यांनी कौल मानला आणि त्यावर आजतागायत वादही घालता आला. राज्यांचे, प्रांतांचे निर्णय आकड्यांसकट आणि कारणांसकट मिळतात, आणि आमच्या भजनाचा निकाल मात्र बंद पाकिटात!

मी सरकारी कारकून आहे. आमच्या कचेरीत अर्जावर नुसतं 'नामंजूर' लिहून भागत नाही, खाली कारण लिहावं लागतं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात तर, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्याची कारणं द्यावीत, असं कलम चारमध्ये म्हटलं आहे. कारकुनाला कारण लिहावं लागतं, मग कलावंताला नापास करणाऱ्याला का नको?

यावर तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात.

पहिलं, 'कला गुणांत मोजता येत नाही.' अगदी मान्य! मग गुण देता कशाला? एकदा आकडे घालून पहिला-दुसरा ठरवलात, रोख रक्कम वाटलीत, की 'कला मोजता येत नाही' हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. स्पर्धा नको असेल तर महोत्सव करा, सगळ्यांना नारळ द्या. तेही चांगलंच आहे.

दुसरं, 'लहान गाव आहे, परीक्षकाला उद्या त्याच बाजारात मासळी घ्यायला जायचं असतं.' हे मात्र खरं आहे, आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. पण त्यावर वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहे असं ठरवलं, आणि त्याच निकालात परीक्षकाचं नाव झाकून ठेवायला मुभा दिली. आपणही तेच करावं. 'परीक्षक अ, ब, क' असं लिहून गुण लावा. नाव झाका, गुण झाकू नका.

तिसरं, 'पोरांची मनं दुखावतात.' मला वाटतं मनं जास्त दुखावतात ती न कळल्याने. तालाला दहापैकी चार मिळाले हे कळलं तर पोरगं तबल्याबरोबर बसेल. काहीच कळलं नाही तर ते एवढंच शिकेल, की इथे वशिला लागतो. आणि ती शिकवण आयुष्यभर पुरते.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचं उदाहरण अजून ताजं आहे. १९६३ पासून चाललेली ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा. २०२२ मध्ये परीक्षकांनी त्या दर्जाची एकांकिका नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांतून पोरांची बाजू आली, परीक्षकांची आली. माझ्या मते करंडक न देण्याचा परीक्षकांना पूर्ण हक्क आहे. वॉर्साने दोनदा तेच केलं. पण जेवढा निर्णय कठोर, तेवढं कारण सविस्तर हवं. 'दर्जा नाही' हा निष्कर्ष झाला. कुठल्या अंगात नाही, किती कमी पडला, ते प्रत्येक संघाच्या हातात लेखी पडायला हवं.

माझी मागणी फार नाही. निकालाच्याच रात्री गुणांचा कागद फलकावर लावा. गुणांचे रकाने कोणते आणि कुठल्याला किती वजन, ते पत्रकात आधी छापा. परीक्षकाचा शिष्य किंवा नातेवाईक गात असेल तर त्याच्या रकान्यात त्या परीक्षकाने गुण देऊ नयेत. आणि प्रत्येक पथकाला दोन ओळींचा लेखी शेरा द्या. याला एक फलक, चार टाचण्या आणि थोडं धैर्य लागतं. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं प्रत्येक देवस्थानाकडे आहे. जिथे सरकारी अनुदान घेतलं जातं, तिथे तर ही अट अनुदानाच्या मंजुरीतच घालायला हवी.

येत्या चवथीची पत्रकं छापायला जातील तेव्हा ते जुनं वाक्य खुशाल ठेवा. फक्त त्याच्याखाली आणखी एक ओळ वाढवा: 'निकालानंतर गुणपत्रक मंडपात लावले जाईल.' ही ओळ छापायला जे आयोजक नकार देतील, त्यांना त्यांच्या स्पर्धकांनी एकच प्रश्न विचारावा. झाकण्यासारखं आहे तरी काय?