भाजी घ्या, तिची रीतही विचारून घ्या

मृगाच्या आसपास ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळं येतात. वारली, ठाकर, कातकरी बायका रानातून जुड्या बांधून आणतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्याकडून ती जरूर घ्या, भावासाठी घासाघीस करू नका. पण जुडी पिशवीत टाकून लगेच निघूही नका. विचारा, “मावशी, ही करायची कशी?”

शेवळं नुसती चिरून शिजवली तर घशाला खाज सुटते. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं तेलावर चांगलं परतायचं आणि त्यात काकडांचा आंबट रस घालायचा. काकडाच्या झाडाला फळं त्याच दिवसांत येतात, म्हणून ती बाई शेवळांशेजारी काकडंही मांडते. नाही मिळाली तर चिंच किंवा आमसूल वापरा, पण आंबट हवंच. कडूकंद तर याहून जपून करावा लागतो. चकत्या करून राख घालून उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा. ही रीत ठाऊक नसेल तर तो कंद घरी आणूच नका.

मोबाइलवरचं छायाचित्र पाहून रानातलं काहीही तोंडात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कळलावीचं फूल देखणं, पण तिच्या कंदाने माणूस दगावतो. ओळख पटवायची तर जाणत्या माणसासोबत रानात जा.

तोडतानाही भान ठेवा. टाकळ्याचे कोवळे शेंडे खुडा, रोप उपटू नका. करटुल्याचा वेल दरवर्षी जमिनीतल्या कंदातूनच फुटतो, त्यामुळे कंदाला हात लावू नका. फळ धरत नाही म्हणून नर वेलही काढू नका, तो नसेल तर मादी वेलाला करटुली कुठून लागणार? आणि शेतकरी बंधुभगिनींनो, बांधावर तणनाशक मारण्याआधी तिथे कुर्डू, घोळ, आघाडा उगवतो का ते पाहा. फवारलेल्या बांधावरची भाजी तर कुणालाच देऊ नका.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या ग्रामपंचायतीत ती मागून बघा. त्यात नुसती झाडांची नावं असतील, तर येत्या ग्रामसभेत गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना बोलवा. कोणता पाला कधी खुडायचा, काय घालून शिजवायचा, कशाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी लिहून घ्या.