हिरवळीची विश्रांती

बाग म्हटली की ती बाराही महिने हिरवीगार असली पाहिजे, अशी एक समजूत शहरांतून रूढ झाली आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या गावांत पूर्वी अनेक घरांना अंगण असे, परस असे आणि परसात विहीर असे. तुळशीवृंदावनाभोवती तगर, जास्वंद आणि अबोली फुलत. आता त्यांतील बहुतेक घरांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. कोणाची बाग गॅलरीतल्या चार कुंड्यांत सामावली आहे, तर कोठे इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत गवताचा गालिचा अंथरलेला आहे. त्याला लोक लॉन म्हणतात. तो चैत्र-वैशाखातही हिरवा राहावा म्हणून त्यावर सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी सोडले जाते. गवत जरा पिवळे पडले, की माळ्याला बोल लावला जातो. बागेने सदासर्वकाळ हिरवे राहावे हा आग्रह कितपत योग्य आहे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या प्रदेशाचे हवामान असे, की येथे वर्षाचे दोन अगदी असमान भाग पडतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. उरलेले आठ महिने आभाळ बहुधा कोरडेच असते. येऊरच्या डोंगराकडे पाहिले म्हणजे निसर्गाने या विषमतेवर कोणता उपाय योजला आहे, ते ध्यानात येते. पावसाळ्यात तो डोंगर हिरव्या रंगात बुडून जातो. थंडी सरता सरता सागाची पाने गळतात, गवत सोनेरी होते, आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले घेऊन उभा राहतो. पाणी नसताना पानांचा भार वाहायचा नाही, हा त्या झाडांचा शहाणपणा होय. डोंगर उजाड दिसतो खरा. पण तो मेलेला नसतो, विसावलेला असतो.

शहरातील लॉनला मात्र हा विसावा मिळत नाही. त्याची किंमत काय पडते, याचा हिशेब सहावी-सातवीतील विद्यार्थ्यालाही मांडता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. उन्हाळ्यात गवत हिरवे राखायचे तर त्याला रोज सुमारे चार मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा लहानशा लॉनला रोज चारशे लिटर पाणी हवे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशन या योजनेत खेड्यातील प्रत्येक माणसामागे रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. तेव्हा त्या एका लॉनवर रोज सात माणसांच्या वाट्याचे पाणी खर्ची पडते.

हे पाणी येते कोठून? भातसा नदीचे पाणी मुंबईला व ठाण्याला येते. कल्याण-डोंबिवलीची तहान उल्हास नदी भागवते, आणि बारवी धरणाचे पाणी त्या नदीला उन्हाळ्यात आधार देते. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. धरण ज्यांच्या शेजारी, त्यांनीच रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी, आणि तेच पाणी दूरच्या शहरात केवळ शोभेसाठी गवतावर शिंपडावे, हे न्यायाला धरून नाही. शहरातील एका लॉनचे पाणी वाचले म्हणून ते लगेच पाड्यावर पोचेल असे नाही. परंतु जे पाणी सर्वांचे आहे, ते जपून वापरण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हिरवळीने डोळे निवतात, धूळ बसते, मुलांना खेळायला मऊ जागा मिळते. हे म्हणणे खोटे नाही. ज्या मैदानावर शेकडो मुले रोज खेळतात, त्या मैदानाला पाणी दिलेच पाहिजे. जेथे सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला दिले जाते, तेथील हिरवळ कोणाच्या घागरीतले पाणी घेत नाही. तिच्याविषयीही तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पिण्याच्या पाण्यावर पोसलेल्या आणि ‘येथे चालू नये’ अशी पाटी लावलेल्या हिरवळीविषयी.

घरापुढे गवत हवेच असेल, तर दूर्वांपेक्षा योग्य गवत शोधून सापडणार नाही. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा म्हणजेच शेतकऱ्याची हरळी. ती पाय दिला तरी मोडत नाही. तिच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि ती जमीन घट्ट धरून ठेवते. उन्हाळ्यात पाणी तुटले, की तिची पाती वाळतात व अंगण तपकिरी दिसू लागते. परंतु जमिनीतील मुळे आणि खोडे जिवंत असतात. मृगाच्या सरी पडल्या, की थोड्याच दिवसांत तेच अंगण पुन्हा हिरवे होते. जे गवत आपण मेले असे समजतो, ते झोपी गेलेले असते. त्याला रोज पाणी घालून जागे ठेवणे म्हणजे जागरण घडवणे होय.

फुलझाडांचेही असेच आहे. सगळी झाडे सदैव फुललेली असावीत, असा हट्ट सोडला, तर थोड्या पाण्यावरही वर्षाचा एकही महिना फुलांवाचून जात नाही. पावसाळ्याच्या आरंभी तगरीच्या आणि जास्वंदीच्या फांद्या लावाव्यात. त्या सहज जगतात. पुढे तेरडा, गोकर्ण आणि अनंत फुलतात. श्रावणापासून पारिजातकाचा सडा पडू लागतो व सोनटक्क्याचा सुगंध दरवळतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण आहे. पण त्याच तेरड्याचे बी मातीत आठ महिने पावसाची वाट पाहत पडून असते, हे म्हण सांगत नाही. या दिवसांत पाणी घालायचे नसते. साचलेले पाणी काढून टाकायचे असते. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे ठेवावे, नाही तर मुळे कुजतात. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून कोरडी करावी. कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

पावसाळ्यात लावलेला झेंडू दसऱ्याला दारावरच्या तोरणात येतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करावी, म्हणजे सुमारे दीड महिन्याने त्याला फुले येतात. रात्र मोठी होऊ लागली, की शेवंती कळ्या धरते. कडाक्याच्या थंडीत मोगरा मुळीच फुलत नाही. तेव्हाच त्याची छाटणी करावी, पाणी तोडावे आणि मग आळ्यात शेणखत घालावे. ही विश्रांती मिळालेला मोगरा ग्रीष्मात ओंजळी भरून फुले देतो. मे महिन्याच्या सुमारास तामणाचे जांभळे घोस रस्त्यांच्या कडेने फुलतात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ते हेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाड परदेशातून आले म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. झेंडू आणि गुलबक्षी ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पण ती येथल्या ऋतूंशी इतकी समरस झाली, की झेंडूवाचून दसरा सुना वाटावा. झाडाचे जन्मस्थान विचारण्यापेक्षा, ते येथल्या पावसाशी आणि उन्हाशी जुळवून घेते की नाही, हे विचारणे अधिक युक्त आहे.

अशी बाग राखण्यास फार खर्च लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी झारीने मुळाशी पाणी घालावे. डाळ, तांदूळ व भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता कुंडीत घालावे. उन्हाळ्यात आळ्यावर वाळलेल्या पानांचा थर पसरावा, म्हणजे मातीतील ओल उडून जात नाही. मोठ्या माणसांपेक्षा मुलांनाच ही कामे अधिक साधतात, कारण पान कोमेजले किंवा कळी धरली, तर ते प्रथम त्यांच्याच नजरेस येते.

ज्या घरातील मुले झाडाला कधी पाणी द्यावे हे शिकतात, त्यांनी कधी देऊ नये हेही शिकावे. वैशाखात अंगणातील दूर्वा वाळलेल्या दिसल्या, तर त्या उपटून नवा गालिचा अंथरण्याची घाई कोणी करू नये. शेजारच्या कुंडीत तेव्हा मोगरा फुललेला असतो. दूर्वांची पाळी पावसानंतर येणार असते. तोवर त्यांना निजू द्यावे आणि वाचलेले पाणी माणसांसाठी राखावे.